आधी मीठ वाढायला द्या

आमच्या सिंधुदुर्गात देवळातल्या सप्ताहाचे दिवस म्हणजे अखंड भजन. एकेका वाडीला भजनाचा प्रहर वाटून दिलेला असतो आणि शेवटच्या दिवशी सगळ्या गावाची पंगत बसते. या पंगतीत सात-आठ वर्षांच्या पोरांच्या हातात पहिल्यांदा काय दिलं जातं, ते कधी पाहिलंय? मिठाचं भांडं. पानाच्या वरच्या कडेला चिमूटभर मीठ वाढत जायचं. थोडं सांडलं तरी बिघडत नाही, पण एखादं पान चुकलं तर लगेच कुणी म्हातारा हाक मारतो, "रे बाळा, मीठ ऱ्हवला मा!" म्हणजे काम छोटं असलं तरी खोटं नसतं. त्याच्यावाचून कुणाचं तरी अडतं. दोन वर्षांनी तोच पोरगा पाण्याचा तांब्या घेऊन फिरतो, मग भाजीची बादली येते आणि विशीत आला की उकळत्या आमटीची जबाबदारी त्याच्यावर पडते. 'वाढपी व्हा' असं पत्रक त्याला कुणीही दिलेलं नसतं.

इंटरनेटवर आपण नेमकं याच्या उलट करतो, असं मला गेली काही वर्षं प्रकर्षानं जाणवतंय. मी हे मराठी विकिपीडियाच्या निमित्तानं लिहितो आहे, कारण मला तो जवळून माहीत आहे आणि तो टिकावा असं मनापासून वाटतं. १ मे २००३ रोजी तो सुरू झाला. आज तिथे लाखाच्या आसपास लेख आहेत. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. मात्र एखाद्या महिन्यात या ज्ञानकोशात एक तरी दुरुस्ती करणाऱ्या नोंदणीकृत सदस्यांचा आकडा काहीशेच्या पलीकडे जात नाही आणि नेमानं लिहिणारे तर त्याहूनही कितीतरी कमी. वाचायला मात्र लाखो येतात. शाळेतला प्रकल्प, स्पर्धा परीक्षेची टिपणं, जयंतीचं भाषण, गावाच्या कमानीवर लिहायचा मजकूर, सगळं तिथूनच उचललं जातं.

संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेलं एक निरीक्षण अशा वेळी हमखास सांगितलं जातं. ऑनलाइन समूहात शंभरातले नव्वद जण नुसते पाहतात, नऊ जण अधूनमधून भर घालतात आणि एकटाच सगळं ओढतो. ढोबळमानानं ते खरंही आहे. माझी तक्रार आहे ती या निरीक्षणाचा निसर्गनियम करून टाकण्याबद्दल. 'जगात सगळीकडे असंच असतं' म्हटलं की आपली जबाबदारी संपते. नव्वदातल्या एकाला नऊंत आणायचं म्हणजे नक्की काय करायचं, हा प्रश्न मग कुणी विचारत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गप्प वाचणारा हा चोर नव्हे. मराठी संकेतस्थळांवर अशा माणसासाठी 'वाचनमात्र' हा नेमका शब्द रूढ आहे आणि त्यात हिणवणं नाही. ज्ञानकोश वाचण्यासाठीच लिहिला जातो. आजारी आईच्या औषधाबद्दल रात्री दोन वाजता वाचणाऱ्या मुलीकडून आपण लेखाच्या विस्ताराची अपेक्षा ठेवू नये. मी बोलतोय ते वेगळ्या वाचकाबद्दल. त्याला पानावरची चूक दिसते, बरोबर काय ते ठाऊक असतं, बोट 'संपादन' या शब्दापर्यंत जातंही आणि तिथून माघारी फिरतं. ते का फिरतं?

एक कारण आपल्या परंपरेत आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले आणि १९२० ते १९२७ या काळात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. वाचकाचा त्यातला वाटा पैशाचा होता आणि तो काही लहान नव्हता. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं, पहिला खंड १९७६ साली आला. नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिल्या, संपादकांनी तपासल्या. ही दोन्ही कामं आपल्या भाषेचं वैभव आहेत. पण त्यांनी आपल्या मनात एक चित्रही पक्कं केलं की कोश लिहिणारे वेगळे आणि वाचणारे वेगळे. 'आपण कोण लिहिणार?' हा प्रश्न मराठी माणूस नम्रपणे विचारतो आणि ती नम्रता खरी असते. जिथे खालच्या कोपऱ्यात लेखकाचं नावसुद्धा येत नाही अशा ठिकाणी आपण लिहावं, हे त्याच्या कल्पनेतच बसत नाही.

दुसरं कारण मला जास्त खुपतं. ते आहे शुद्धलेखनाचं भय.

माझी मावशी कुडाळकडे राहते. वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण सातवी. मुणगा, वालय, सोरटी ही भाताची जुनी वाणं तिनं हातानं पेरली आहेत. कोणता तांदूळ पेजेला, कोणता बाळंतिणीला, कोणत्या वाणाला किती पाणी सोसतं, सगळं तिला तोंडपाठ. पाच-सहा वर्षांपूर्वी नातवानं तिला एका मराठी खाद्यसमूहात घातलं. तिनं वालयच्या पेजेबद्दल चार ओळी लिहिल्या. खाली बारा-तेरा उत्तरं आली आणि त्यातली बहुतेक 'न' आणि 'ण', पहिली आणि दुसरी वेलांटी यांच्याबद्दल होती. तांदळाबद्दल एकानंही विचारलं नाही. ती काही रागावली वगैरे नाही. "माका शुद्ध लिवाक येना नाय," म्हणाली आणि फोन नातवाला परत दिला. त्या समूहात तिनं पुन्हा काही लिहिलं नाही.

दुरुस्त्या करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. भाषा नीट असावी असं मलाही वाटतं आणि ज्ञानकोशाची तर ती असायलाच हवी. पण ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्याकडे प्रमाणभाषा असेलच असं नाही आणि ज्याची प्रमाणभाषा लखलखीत आहे त्यानं वालय कधी शिजवलेलीच नसते. या दोघांनी एकाच पानावर काम करावं, यासाठीच तर सामूहिक लेखन आहे. मावशीनं वेलांटी चुकवली तर ती सुधारणं हे दुसऱ्या कुणाचं मीठ वाढणं होऊ शकतं. तो मुकाट्यानं ती सुधारील, वाक्य तसंच ठेवील आणि विचारील, "मावशी, हे बियाणं अजून कुणाकडे मिळतं का?" अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्यांच्या बाबतीत आपण हे शिकलो नाही तर मराठीतला ज्ञानकोश कायम दोन-तीन शहरांतल्या सुशिक्षित पुरुषांचाच राहील. पुरुषांचा हा शब्द जपून वापरला आहे. विकिपीडियाच्या जगभरातल्या लेखकांचं २००८ साली जे मोठं सर्वेक्षण झालं, त्यात लिहिणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण १३ टक्क्यांच्याही खाली निघालं होतं. चारचौघांत चूक काढली गेल्यावर कोण थांबतं आणि कोण वाद घालतं, हे आपल्या घरांतही दिसतंच.

पहिल्या चुकीचं स्वागत कसं होतं, यावर सगळं ठरतं असं माझं ठाम मत आहे आणि त्याला आधार आहे. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिगेला पोहोचली आणि मग घसरू लागली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर अभ्यासानं त्याचं कारण शोधलं. नवे लोक येणं बंद झालं नव्हतं, भल्या हेतूनं येणाऱ्यांचं प्रमाणही फारसं बदललं नव्हतं. बदललं होतं ते त्यांचं स्वागत. उपद्रव रोखण्यासाठी आणलेली अर्धस्वयंचलित साधनं आणि वाढत गेलेली नियमावली यांमुळे नवागतांच्या प्रामाणिक दुरुस्त्याही झटपट परतवल्या जाऊ लागल्या. आणि ज्यांचं पहिलं काम असं पुसलं गेलं, ते निघून गेले. दाराशी उभा असलेला राखणदार चोराला अडवण्यात एवढा तरबेज झाला की पाहुणेही परत गेले.

यावर त्याच समूहानं उपायही शोधले. २०१२ मध्ये नवख्यांनी कितीही साधे प्रश्न विचारावेत आणि जाणत्यांनी न कंटाळता उत्तरं द्यावीत, अशी एक वेगळी बैठकीची जागा इंग्रजी विकिपीडियावर सुरू झाली. पुढे नव्या सदस्याला सोपी कामं सुचवणारं पान आणि त्याला बांधून दिलेला मार्गदर्शक अशी सोय आली. जर्मन विकिपीडियावर एका संशोधिकेनं केलेला प्रयोग तर मला फार आवडतो. नव्यानं लिहू लागलेल्यांपैकी काहींना केवळ नावापुरता सन्मान दिला गेला. पैसे नाहीत, बढती नाही, फक्त 'तुमचं काम आम्ही पाहिलं' एवढंच. अशांपैकी पुढच्या महिन्यात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण सन्मान न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघालं. दाद द्यायला खर्च येत नाही. वेळ मात्र लागतो आणि नेमका तोच द्यायला आपण तयार नसतो. यंत्रानं आपोआप चिकटवलेला स्वागताचा साचा म्हणजे दाद नव्हे, हे पाहुण्याला पहिल्या ओळीतच कळतं.

मराठी विकिपीडियाच्या आद्य मंडळींनी शब्द किती सुंदर निवडले आहेत, पाहा. सरावाच्या पानाला त्यांनी 'धूळपाटी' म्हटलं. बोटानं गिरवावं, चुकलं तर हात फिरवावा, कुणाची पाटी फुटत नाही. सगळ्यांनी मिळून चर्चा करायच्या जागेचं नाव 'चावडी'. परकी संकल्पना इतक्या सहज आपल्या अंगणात आणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण चावडीवर बसणारं माणूस हवं. नवख्यानं प्रश्न टाकला आणि आठ दिवस कुणी ओ दिली नाही, तर चावडी ओस आहे एवढंच त्याला समजतं. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके प्रचालक (अ‍ॅडमिन) आणि जुने सदस्य रोजचा उपद्रव निस्तरून दमलेले असतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून हा प्रश्न त्यांच्यापुरता ठेवता येणार नाही. मराठीसाठी पैसा, माणसं आणि जागा ज्यांच्याकडे आहेत त्या संस्थांचाही तो आहे.

या संस्था काय करतात? २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, कार्यशाळा घेतात. मीही घेतल्या आहेत. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात संगणककक्षात चाळीस मुलं बसवली होती. सहा मुलांची खाती उघडली आणि सातव्याला नकार आला. एका अंकपत्त्यावरून (आयपी अ‍ॅड्रेसवरून) एका दिवसात सहाच नवी खाती उघडता येतात. हा नियम उपद्रव रोखण्यासाठी आहे आणि रास्त आहे. आधी परवानगी काढून ठेवणं माझं काम होतं, ते राहिलं. मग मोबाइलच्या इंटरनेटवरून कशीबशी खाती उघडली. दुपारपर्यंत प्रत्येकानं एकेक लेख 'तयार' केला. बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या संकेतस्थळावरून मजकूर उचलून डकवला होता, तो प्रताधिकाराचा भंग होता आणि संध्याकाळपर्यंत त्यांतल्या बऱ्याच पानांवर 'पानकाढा'चा साचा लागला. काढायला हवीच होती ती पानं. पण त्या चाळीस मुलांच्या मनात उरलं काय? आपण सरकारी पाहुण्यांसमोर काहीतरी केलं आणि ते पुसलं गेलं. महिनाभरानं पाहिलं तर चाळिसातला एकच टिकला होता.

तो मुलगा लेख लिहूच शकला नव्हता. टंकलेखन जमेना म्हणून वैतागून बसला होता. मोबाइलमध्ये गावच्या बारवेचा फोटो होता, तो त्यानं सहज दाखवला. पायऱ्यांची, कोनाड्यांत झीज झालेल्या मूर्ती असलेली चांगली बारव. आम्ही तो फोटो मुक्त परवान्याखाली कॉमन्स या विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर चढवला आणि गावाच्या लेखात लावला. दोन मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्यात त्यानं शेजारच्या गावच्या बारवेचा फोटो आणला, मग तिसऱ्या. महाशिवरात्रीला जुन्या बारवा स्वच्छ करून त्यांत दिवे लावण्याची जी प्रथा अलीकडे राज्यात ठिकठिकाणी रुजली आहे, तिथे तो मुद्दाम गेला. वर्षभरानं तो परिच्छेद लिहू लागला होता, संदर्भ देऊन. मी त्याला काही शिकवलं असं नाही. त्याला नकळत मिठाचं भांडं मिळालं होतं आणि उरलेल्या एकोणचाळीस जणांच्या हातात आम्ही थेट आमटीची बादली दिली होती.

गावांवरच्या लेखांबद्दल मराठी विकिपीडियाची थट्टा होते. 'अमुक हे महाराष्ट्रातील तमुक तालुक्यातील एक गाव आहे' अशा दोन ओळी, एकाच साच्यातून काढलेल्या, हजारोंनी. संख्येच्या हव्यासापोटी असे लेख पाडले गेले हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. राज्यात चाळीस हजारांहून अधिक गावं आहेत आणि प्रत्येक गावचा कुणी ना कुणी पुण्यात, सुरतेत, मस्कतला आहे. तो कधीतरी आपल्या गावाचं नाव टाकून शोधतो. त्याला त्या दोन ओळी दिसतात. दुसऱ्या कुठल्याच विषयावर त्याला इतकी खात्री नसते: नदीचं नाव चुकलंय, जत्रा लिहिलेलीच नाही, शाळा १९५२ची नाही. निमंत्रण द्यायची ती हीच घटका. त्या पानावर 'विकिपीडियाला मदत करा' असं मोघम आवाहन काय कामाचं? 'या गावाचं एकही छायाचित्र नाही, तुमच्याकडे आहे का?' असं विचारा. 'गावाला कोणत्या फाट्यावरून वळायचं?' असं विचारा. उत्तर देता येईल असा प्रश्न हे सगळ्यात चांगलं आमंत्रण.

इथे एक खरी अडचण येते आणि ती झटकून टाकता येणार नाही. विकिपीडियाला कुठेतरी प्रसिद्ध झालेला, विश्वसनीय संदर्भ लागतो. गावची जत्रा कुठे छापलेली असते? जुन्या जिल्हा गॅझेटियरमध्ये कधी सापडते, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत लोकसंख्या आणि सोयी मिळतात, जिल्हा आवृत्तीच्या वर्तमानपत्रात बातमी असते. पण बरंच काही कुठेच नसतं, ते माणसांच्या बोलण्यात असतं. संदर्भाचा नियम सैल करा असं मी म्हणत नाही. तो सैल केला तर उद्या प्रत्येक घराणं स्वतःचा गौरवग्रंथ तिथे चढवील. मात्र 'संदर्भ नाही' म्हणून वाक्य उडवताना, संदर्भ कुठे शोधता येईल हे सांगणं हे उडवणाऱ्याचं कर्तव्य मानलं पाहिजे. तालुक्याच्या वाचनालयात गॅझेटियर असतं, हे त्या मस्कतच्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि फोटोला संदर्भ लागत नाही, म्हणून सुरुवात फोटोपासून व्हावी.

भीतीचा आणखी एक पदर आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांच्या लेखातील मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. शंभूराजांबद्दलची भावना माझीही तितकीच तीव्र आहे. पण मजकूर चुकीचा वाटला तर त्याची जागा चर्चा पानावर आहे. तिथे साधनं मांडावीत, कोणतं साधन विश्वसनीय आणि कोणतं उत्तरकालीन यावर भांडावं, हवं तितकं कडकडून भांडावं. आपल्या इतिहाससंशोधकांनी दुसरं काय केलं? फिर्यादीची बातमी वाचून गावच्या गढीवर दोन ओळी लिहायला निघालेला माणूस हात आखडता घेतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. ज्या राज्याला आपल्या भाषेत ज्ञान वाढावं असं वाटतं, त्यानं चांगल्या हेतूनं लिहिणाऱ्याला पाठबळ दिलं पाहिजे, ही अपेक्षा जास्त नाही.

आता हे सगळं निकडीचं का झालंय, तेही सांगतो. कालपर्यंत माणूस पानावर यायचा तरी. आता प्रश्न विचारला की यंत्र परस्पर उत्तर देतं. ते उत्तर याच पानांवरून शिकलेलं असतं, पण पान उघडलं जात नाही. उघडलंच नाही तर चुकलेलं नदीचं नाव दिसणार कुणाला? वाचता वाचता चूक दिसणं, ती सुधारणं, त्यातून गोडी लागणं, अशीच आजवर जुनी मंडळी घडली. तो रस्ता अरुंद होत चालला आहे. मराठीत तो आधीच पायवाटेएवढा होता. म्हणून संस्थांनी एक दिवसाच्या कार्यशाळा आणि लेखांचे आकडे सोडावेत. त्याच पैशात तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी, वर्षभर, एक जाणता माणूस बसवावा. त्याच्याकडे एक स्कॅनर, गॅझेटियरचे खंड आणि भरपूर वेळ असावा. वर्षाअखेरीस किती लेख झाले हे विचारू नये. पहिल्या रविवारी आलेल्यांपैकी बाराव्या रविवारी किती जण आले, एवढंच विचारावं.

मागच्या दिवाळीत कुडाळला गेलो होतो. सोरटीची कापणी उरकली होती. मावशीला मी लिहायला सांगितलं नाही, फक्त म्हटलं, खळ्यावरच्या भाताचा एक फोटो काढून दे. तिनं चार काढले, एकात स्वतःचा अंगठा आला होता. त्यातला बरा होता तो तिच्या संमतीनं कॉमन्सवर चढवला आणि खाली वाणाचं नाव घातलं. पंधरा दिवसांनी तिथल्या चर्चा पानावर कुणीतरी विचारलं की हे भात खाऱ्या पाण्यालगतच्या खाजण जमिनीत होतं की मळ्यात, गोव्यातल्या कोरगुट या भाताच्या वाणाशी त्याचं काही नातं आहे का? मी तिला फोनवर प्रश्न वाचून दाखवला. ती बराच वेळ बोलली, कोरगुटाबद्दलही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ते सगळं उतरून घ्यायला फोन उघडून बसलो, तर तिनं चष्मा लावला आणि हात पुढे केला.

"माका दी तो. मीच लिवतंय."